देणाऱ्यालाच वर्षासन : निवृत्तीनंतरच्या एका अमेरिकी दानाचा हिशेब

वर्षासन हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. देवस्थानाला, मठाला, एखाद्या शास्त्रीबुवांना दरबाराकडून वर्षाकाठी ठरावीक रक्कम मिळायची, ते वर्षासन. पेशवाईच्या दफ्तरात अशा नेमणुकांच्या याद्याच्या याद्या सापडतात. देणारा दरबार, घेणारा मठ, आणि पैसा कायम एकाच दिशेने जाणारा.

अमेरिकेत याची उलटी रीत आहे. तुम्ही एखाद्या धर्मादाय संस्थेला एकरकमी देणगी द्यायची आणि त्या संस्थेने तुम्हाला मरेपर्यंत वर्षासन द्यायचं. याला तिथे चॅरिटेबल गिफ्ट ॲन्युइटी म्हणतात. प्रकार जुना आहे. बॉस्टनच्या एका व्यापाऱ्याने १८४३ मध्ये अमेरिकन बायबल सोसायटीशी असा करार केला, तो पहिला मानला जातो.

हा विषय मराठीत सांगायचं कारण साधं आहे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारं उघडली आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जे इंजिनियर, डॉक्टर, प्राध्यापक महाराष्ट्रातून तिकडे गेले, ते आता पंचाहत्तरी-ऐंशीला आले आहेत. मुलं कमावती आहेत, घर फिटलेलं आहे, चाळीस वर्षांपूर्वी घेतलेले शेअर फुगलेले आहेत. आणि जिथे एमएस केलं त्या विद्यापीठाकडून, जिथे बायपास झाली त्या हॉस्पिटलकडून गुळगुळीत कागदावरची पत्रं येतात : आम्हाला देणगी द्या आणि हयातभर ७ टक्के उत्पन्न मिळवा. बँक तर एवढं देत नाही. मग ही संस्था ७ टक्के कुठून देते?

देत नाही, हे त्याचं खरं उत्तर. ते ७ टक्के म्हणजे व्याज नव्हे. आपल्याकडच्या माणसाचा घोटाळा नेमका इथे होतो, कारण टक्के म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फिक्स्ड डिपॉझिट येतं. डिपॉझिटमध्ये मुद्दल शाबूत राहतं आणि वरचं व्याज हातात पडतं. इथे मुद्दल दिल्या क्षणी गेलेलं असतं. दर वर्षी जे येतं त्यात थोडं उत्पन्न आणि बरंचसं तुमचंच मुद्दल असतं, हप्त्याहप्त्याने परत आलेलं.

आकडे घेऊन बघू. समजा, न्यू जर्सीत एडिसनला राहणारे एक काका आहेत, वय ७५. त्यांनी एका संस्थेला १ लाख डॉलर दिले. अमेरिकेतल्या बहुतेक संस्था अमेरिकन कौन्सिल ऑन गिफ्ट ॲन्युइटीज या मंडळाचा दरतक्ता वापरतात. हे मंडळ १९२७ पासून आहे. १ जानेवारी २०२४ पासूनच्या तक्त्यात एकट्या माणसासाठी ६५ व्या वर्षी ५.७ टक्के, ७० ला ६.३, ७५ ला ७, ८० ला ८.१, ८५ ला ९.१ आणि नव्वदीपुढे १०.१ टक्के असे दर आहेत. वय जास्त तितका दर जास्त, कारण पुढची वर्षं कमी. नवरा-बायको दोघांच्या हयातीपर्यंत हवं असेल तर दर खाली येतो. तर काकांना वर्षाला ७,००० डॉलर, म्हणजे दर तिमाहीला १,७५०, हे कायमचे ठरले.

७५ वर्षांच्या माणसाचं उरलेलं सरासरी आयुष्य आयआरएस, म्हणजे तिकडचं आयकर खातं, साधारण साडेबारा वर्षं धरतं. साडेबारा गुणिले ७,००० म्हणजे ८७,५०० डॉलर. दिले होते १ लाख. सरासरी माणसाला स्वतःचे पैसेसुद्धा पुरते परत मिळत नाहीत! ते मिळायला नव्वदीच्या उंबरठ्यावर पोचावं लागतं, आणि तोवर महागाईने त्या ७,००० डॉलरचं काय केलेलं असेल ते वेगळंच. रक्कम एकदा ठरली की वाढत नाही.

म्हणून नुसती पेन्शन विकत घ्यायची असेल तर विमा कंपनीकडे जावं. त्याच वयाला त्याच रकमेवर ती बरंच जास्त देते, कारण तिला मागे काही उरवायचं नसतं. कौन्सिलचे दर मात्र अशा अंदाजाने बांधलेले असतात की देणगीदार गेल्यावर मूळ रकमेच्या निम्मी संस्थेच्या पदरात पडावी. म्हणजे हे निम्मं दान आहे आणि निम्मी पेन्शन. ज्याला दान करायचंच होतं, पण ‘पुढे आपल्यालाच कमी पडलं तर?’ या भीतीने ज्याचा हात अडत होता, त्याच्यासाठी ही सोय आहे. बाकीच्यांनी ते गुळगुळीत पत्र सरळ रद्दीत टाकावं, असं माझं मत.

आता कराचा भाग. हे प्रकरण अमेरिकेतच का फोफावलं ते इथे कळतं.

काकांच्या १ लाखापैकी किती रक्कम खरी देणगी, हे सरकारच्या सूत्राने काढतात. वय, मिळणारं वर्षासन आणि सरकार दर महिन्याला जाहीर करतं तो एक व्याजदर, यांवर ते ठरतं. काकांच्या बाबतीत हा आकडा ढोबळमानाने ४४ हजारांच्या आसपास येईल. तेवढी वजावट देणगी दिल्या वर्षीच्या उत्पन्नातून मागता येते. हा देणगीचा भाग १० टक्क्यांहून जास्त असायलाच हवा अशी कायद्याची अट आहे, नाहीतर त्याला देणगी म्हणायचं तरी कशाला? उरलेले ५६ हजार म्हणजे काकांनी जणू विकत घेतलेली पेन्शन. त्यामुळे रोख पैसे दिले असतील तर वर्षाच्या ७,००० पैकी साधारण साडेचार हजार हे स्वतःचंच मुद्दल परत आलं म्हणून करमुक्त, आणि अडीच हजारांवर नेहमीचा आयकर. साडेबारा वर्षं उलटून काका ठणठणीत असले तर मुद्दल परत आलं असं धरतात आणि पुढे सगळ्या ७,००० वर कर लागतो.

खरी गंमत रोखीत नाही, शेअरमध्ये आहे. समजा, काकांचे १ लाखाचे शेअर त्यांनी कधीकाळी २० हजारांना घेतले होते. विकले तर ८० हजारांच्या नफ्यावर १५ टक्क्यांनी १२ हजार डॉलर केंद्राचा कर, शिवाय राज्याचा वेगळा. तेच शेअर न विकता संस्थेला दिले, तर देणगीच्या वाट्याला येणाऱ्या नफ्यावरचा कर माफ होतो, आणि पेन्शनच्या वाट्याला येणारा साधारण ४५ हजारांचा नफा एकदम न धरता साडेबारा वर्षांत पसरतो, वर्षाला ३,६०० च्या हिशेबाने. मग ७,००० ची फोड होते ती अशी : ९०० करमुक्त, ३,६०० वर भांडवली नफ्याचा सौम्य दर, अडीच हजारांवर नेहमीचा कर. शेअर दिल्यावर वजावट मात्र त्या वर्षीच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंतच मिळते. जास्तीची पुढची पाच वर्षं ओढता येते.

पत्रकात बारीक अक्षरात असते ती गोष्ट म्हणजे, खर्चांची तपशीलवार वजावट मागणाऱ्यालाच या ४४ हजारांचा पुरता उपयोग. सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट ६५ वर्षांपुढच्या जोडप्याला २०२५ साठी ३४,७०० डॉलर होती. घराचं कर्ज फिटलेल्या पुष्कळ निवृत्तांचे तपशीलवार खर्च तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यांच्या हाती त्या ४४ हजारांपैकी फार थोडं लागतं. काकांनी सही करण्याआधी मुलाला नव्हे, हिशेबनीसाला फोन करावा.

नोकरीतली सगळी जमा आयआरए खात्यात आहे, अशांसाठी अलीकडे आणखी एक वाट उघडली आहे. आयआरए म्हणजे निवृत्तीसाठीचं खातं. त्यात पैसे टाकताना कर लागलेला नसतो, काढताना लागतो. वयाच्या ७३ व्या वर्षापासून त्यातून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते, गरज असो वा नसो. साडेसत्तरी ओलांडलेल्या माणसाने त्यातून थेट संस्थेला पैसे पाठवले तर ते त्याचं उत्पन्न धरत नाहीत, ही सवलत जुनी. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने तिला एक फांदी फुटली. अशी थेट रक्कम आता आयुष्यात एका वर्षी वर्षासनाच्या करारातही घालता येते. मर्यादा सुरुवातीला ५० हजार डॉलर होती, महागाईप्रमाणे वाढत २०२५ साठी ५४ हजार झाली. नवरा आणि बायको दोघांचीही वेगवेगळी आयआरए असतील तर दोघांना वेगवेगळी मर्यादा. या वाटेने वजावट मिळत नाही आणि येणारं वर्षासन पूर्ण करपात्र असतं. पण काढावीच लागणारी रक्कम त्यातून भागते, आणि प्रमाणित वजावट घेणाऱ्यालाही याचा फायदा होतो. मध्यमवर्गीय निवृत्तासाठी मला ही वाट सगळ्यात सरळ वाटते.

मोठ्या मालमत्तेचं प्रकरण निराळं. कुणी १९८५ मध्ये भाड्याने देण्यासाठी दुसरं घर घेतलं, ते आज ८ लाख डॉलरचं झालं. विकलं तर कर, ठेवलं तर रात्री दोन वाजता भाडेकरूचा फोन : हीटर बंद पडलाय. इथे चॅरिटेबल रिमेंडर ट्रस्ट वापरतात. घर कर्जमुक्त असेल तर ते एका ट्रस्टच्या नावे करायचं. ट्रस्ट ते विकतो, त्या क्षणी कर लागत नाही, आणि पूर्ण रक्कम गुंतवली जाते. तुम्हाला हयातभर किंवा जास्तीत जास्त २० वर्षं उत्पन्न मिळतं, मुदत संपल्यावर उरेल ते संस्थेचं. उत्पन्न दोन तऱ्हांनी घेता येतं. एकीत रक्कम कायम ठरलेली. दुसरीत दरवर्षी ट्रस्टची किंमत मोजून तिचे ठरावीक टक्के, किमान ५. म्हणजे पहिल्या वर्षी ८ लाखांवर ४० हजार, बाजार चढून ८ लाख ४० हजार झाले तर ४२ हजार, पडून ७ लाखांवर आले तर ३५ हजार. महागाईशी झुंजायला दुसरी तऱ्हा बरी, पण बाजाराच्या हेलकाव्यांनी ज्याची झोप उडते त्याने पहिलीच घ्यावी.

हे ट्रस्ट आजच्या रूपात आले १९६९ च्या करकायद्याने. त्याआधी लोक ट्रस्ट करायचे, देणगीची भरघोस वजावट घ्यायचे, मग ट्रस्टचे पैसे जास्त उत्पन्नाच्या धोकादायक ठिकाणी गुंतवून हयातीतच सगळा रस पिळून घ्यायचे. संस्थेच्या वाट्याला चोथा. म्हणून संसदेने ठरीव साचे घालून दिले, आणि १९९७ मध्ये आणखी एक अट आली : हिशेबाप्रमाणे किमान १० टक्के संस्थेसाठी उरलेच पाहिजेत. वकील, दरवर्षीचं वेगळं करपत्रक, मूल्यांकन हे सगळं धरता लहान रकमेसाठी हा खटाटोप परवडत नाही. आणि गिऱ्हाईकाशी सौदा पक्का करून मग घर ट्रस्टला दिलं तर ती विक्री तुमचीच धरली जाते. ही चूक करणारे हुशार लोक कमी नसतात.

दोन्ही प्रकारांत दिलेलं परत घेता येत नाही. ट्रस्टच्या दस्तात तशी तरतूद ठेवली असेल तर पुढे संस्था बदलता येते, पण पैसा आपल्याकडे वळवता येत नाही. उद्या स्मृतिभ्रंश झाला, चोवीस तास माणूस ठेवावा लागला, तर वर्षासनाच्या ७,००० डॉलरने काय होणार? म्हणून आपल्या मिळकतीचा असा तुकडाच यात घालावा, जो नसला तरी आजारपण निभावेल. मुलांनाही आधी सांगावं. त्यांची हरकत नसते बहुधा, पण बाबा गेल्यावर कागदांतून कळलं तर मन दुखावतं.

शिवाय वर्षासनामागे उभी असते ती फक्त ती संस्था. बँकेतल्या ठेवीला सरकारी विमा असतो, विमा कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी असतो. इथे दोन्ही नाही. संस्थेची सगळी मालमत्ता या वचनाला बांधलेली असते हे खरं, पण संस्थाच खंगली तर तुम्ही इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियासारखी राज्यं संस्थांना परवाना आणि राखीव निधी सक्तीचा करतात, सगळी राज्यं इतकी कडक नाहीत. संस्थेचं वार्षिक विवरणपत्र, फॉर्म ९९०, कुणालाही बघायला मिळतं. ते बघावं. ॲन्युइटी देणं कधी सुरू केलं, किती जणांना देताहेत, पैसे वेगळे ठेवलेत की रोजच्या खर्चात मिसळलेत, हे तोंडावर विचारावं. देणगी देताना असं विचारायला आपल्याला भिडेखातर जड जातं. पण तुम्ही त्यांना १ लाख डॉलर देताय. आणि कुणी एजंट या कराराच्या विक्रीवर कमिशन घेत असेल तर चहा पाजून त्याला वाटेला लावावं.

काकांना मनातून मदत करायची असते ती सांगलीच्या शाळेला किंवा मेळघाटातल्या दवाखान्याला. तिथे अडचण येते. वजावट मिळते ती अमेरिकेत नोंदलेल्या संस्थेलाच दिलं तर. त्यामुळे पैसा न्यू जर्सीतल्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या, १९७८ पासून काम करणाऱ्या, तिथल्या संस्थांमार्फत इकडे येतो. इथल्या संस्थेकडेही परदेशी देणगी घेण्याची एफसीआरए नोंदणी लागते, आणि ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरते. वर्षासनाचा पसारा लहान संस्थांना झेपत नाही. पण गावोगावची कम्युनिटी फाउंडेशन्स, म्हणजे अनेकांच्या देणग्या एकत्र सांभाळणाऱ्या स्थानिक संस्था, असे करार करतात, आणि माणूस गेल्यावर उरलेली रक्कम त्याने सांगितलेल्या छोट्या संस्थेला पोचवायला त्यांतली काही तयार असतात. काका-काकू कायमचे पुण्याला परतणार असतील तर मात्र आधी दोन्हीकडच्या हिशेबनिसांना गाठावं. अमेरिकी नागरिक कुठेही राहिला तरी तिकडचं करपत्रक चुकत नाही, आणि भारतात रहिवासी झाल्यावर इकडचं खातंही त्याच वर्षासनाकडे बघतं.

भारतातच राहणाऱ्या निवृत्ताला हे करता येईल का? या रूपात नाही. हयातभर पेन्शन देण्याचा धंदा इथे विमा कंपन्यांचा, तो नियामकाच्या परवान्याशिवाय चालत नाही. शिवाय धर्मादाय संस्थेचं उत्पन्न किंवा मालमत्ता तिच्या मोठ्या देणगीदाराच्या फायद्यासाठी वापरली गेली तर संस्थेची करसूट धोक्यात येते. म्हणजे अमेरिकेत जे कायद्याने घडवलं, तेच इथे कायद्याला खटकतं. ८०जी म्हणून ओळखली जाणारी वजावट फक्त पैशाच्या देणगीला आहे, रोखीत दोन हजारांपर्यंतच, आणि नव्या करप्रणालीत तीही नाही. राहता फ्लॅट संस्थेला दिला तर पुण्य मिळेल, वजावट नाही.

इथे लोक आपापलं जमवतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवले तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये हातात येतात. किंवा माणूस गेल्यावर भरलेली रक्कम परत देणारी एलआयसीची पेन्शन घ्यायची. दोन्हीत मुद्दल मागे राहतं, आणि ते आपल्या पश्चात अमुक संस्थेला जावं असं मृत्युपत्रात लिहायचं. बँकेच्या ठेवीवर नॉमिनी म्हणून नोंदलेला माणूस म्हणजे मालक नव्हे, तो फक्त सांभाळणारा, म्हणून मृत्युपत्र हवंच. काही जण घर संस्थेच्या नावे लिहितात आणि हयातीत तिथे राहण्याचा हक्क दस्तातच राखून ठेवतात. अमेरिकी काकांना करात जे आगाऊ मिळतं ते इथे नाही. पण मृत्युपत्राचा एक मोठा गुण आहे. दुखणं आलं, संस्थेचे विश्वस्त बिघडले, किंवा नुसता विचार बदलला, तरी ते फाडून दुसरं करता येतं.

एडिसनच्या काकांना ती मुभा नाही, म्हणून त्यांच्या मुलांनी एवढं करावं. तो करार बँकेच्या लॉकरमध्ये न ठेवता घरातल्या फायलीत ठेवावा, आणि संस्थेच्या त्या विभागाचा फोन नंबर त्यावरच लिहावा. काका गेल्याचं संस्थेला आपणच कळवायचं असतं. न कळवता पुढच्या तिमाहीचे १,७५० डॉलर खात्यात पडत राहिले, तर तेही परत करावे लागतात.